दुसऱ्या गाडीचा आवाज

धायरी,
६ एप्रिल

प्रिय दत्तोबा,

पत्र पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील आणि म्हणशील, या साईनाथला मोबाइल नावाची वस्तू ठाऊक नाही की काय. आहे ठाऊक. पण फोनवर मी काय करतो ते तुलाही माहीत आहे. वाघोलीत पाणी येतं का, तुझ्या उत्कर्षाची धाकटी शाळेत रुळली का, तुझा गुडघा काय म्हणतो, एवढं विचारून झालं की माझे शब्द संपतात आणि मी 'बरं, ठेवतो' म्हणतो. गेल्या महिन्यात दोनदा तुझ्याकडे यायला निघालो होतो. एकदा हडपसरपर्यंत पोचलोसुद्धा. पुढची बस समोर उभी होती, मी चहा पीत बसून राहिलो, ती निघून गेली आणि मी परतीची बस धरली. शकूला सांगितलं की दत्तोबा घरी भेटलाच नाही. तीस वर्षांच्या संसारात बायकोशी खोटं बोलायची वेळ फारशी आली नव्हती, तीही आली. म्हणून हे लिहायला बसलो. उद्या शकू उत्कर्षाकडे येणार आहे, तिच्याच हाती देतो. तिला सांगून ठेवलंय की आधी तू वाचायचंस, मग तुला वाटलं तर तिनं.

परवा उत्कर्षाचा फोन आला होता. रडत होती. म्हणाली, काका, बाबा वकिलांना सांगून आलेत की अठरा तारखेला कोर्टात गुन्हा कबूल करणार. वकील म्हणतात घाई करू नका, आई पाया पडली, पण ते कुणाचं ऐकत नाहीत. 'हॉर्न न देता वळण घेतलं, काकी गेली, चूक माझी हाय, व्हायची ती शिक्षा व्हऊ द्या', एवढंच बोलतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. तुम्ही त्यांचे इतके जुने मित्र, तुम्ही समजवा, असं पोर मला विनवत होती. मी 'बघतो' म्हणालो. पुण्यात येऊन मी जे काही शिकलो त्यात हा 'बघतो' सगळ्यात हलकट. फोन ठेवताना ती म्हणाली की गॅलरीत बसल्यावर तुझा उजवा अंगठा सारखा गुडघ्यावर दाबत असतो. तिला वाटतं, गुडघा दुखतो म्हणून चेपतोस. मी तिला तसंच वाटू दिलं.

इकडचं म्हणशील तर ट्रक पोलीस ठाण्यातून सोडवून आणला तेव्हापासून तुझ्या आवारात होता तसाच उभा आहे. दर रविवारी मी दहा मिनिटं चालू करून ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून. पुढच्या डाव्या चाकात हवा टिकत नाही. हौद्यात मांजरीनं तीन पिल्लं घातली आहेत, त्यामुळे ताडपत्री काढलेली नाही. तुझ्या वडिलांचा ऊस होता तिथल्या टॉवरला अकरावा मजला चढला. लोक राहायला आलेत, खूश आहेत, फक्त पाणी तेवढं टँकरनं विकत घेतात. वहिनींना सांग, दारातल्या जास्वंदीला मी पाणी घालतो. कुलपाला तेल दिलंय. गावातले लोक विचारतात, दत्तोबा कधी येणार. त्यांना काय सांगायचं ते मला कळत नाही.

मी जालन्याकडून आलो तेव्हा माझ्याजवळ एक कातर, एक पक्कड, एक टेस्टर आणि सोल्डरिंगची कांडी होती. धायरीत तेव्हा अर्धी शेतंच होती. वळणाच्या अलीकडे तुझ्या गोठ्याच्या भिंतीला पत्रा टेकवून गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकू का, असं विचारायला आलो तर तू शेण काढत होतास. वर न बघताच म्हणालास, 'टाक की. म्हशी काय तक्रार करनार हायत व्हय.' तेवढ्यावर मी तीस वर्षं त्या भिंतीला टेकून आहे. म्हशी गेल्या, ती भिंत सोडून गोठा गेला, जमीन गेली, तू आलेल्या पैशातून हा ट्रक घेतलास आणि विटा-वाळू ओढायला लागलास, पण माझ्या पत्र्याला कधी हात लावला नाहीस. तुझा ट्रक नवा होता तेव्हापासून त्याची प्रत्येक वायर माझ्या हाताखालून गेली आहे. तू लोकांना अभिमानानं सांगायचास की माझ्या ट्रकला दोन मालक हायत, एक चालवनारा आन् एक जोडनारा. मला ते फार आवडायचं, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही.

तर हॉर्न. गेल्या सप्टेंबरात ट्रकचं आरटीओ पासिंग जवळ आलं आणि तुझ्या हॉर्ननं राम म्हटला. तसा तो चार वर्षं आजारीच होता. मी त्याची आवाज काढणारी पडदी दोनदा बदलली, आतले पॉइंट घासले, स्क्रू पिळून पिळून त्याचा जीव काढला, तरी तो रेड्यासारखा घोगरा ओरडायचा. या खेपेला पडदी चिरलीच. एकोणीस वर्षांच्या ट्रकचा हॉर्न कुठल्या दुकानात मिळणार? मिळालेही असते दुसरे, ट्रकचेच, बाजारात जाऊन आणायचे होते. पण माझ्याकडे पिशवीत एक जोडी पडून होती. नदीकाठच्या सोसायटीत पावसाचं पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या एका मोठ्या कारची. हडपसरच्या भंगारवाल्याकडून आणली होती. एक बारीक आवाजाचा, एक जाड आवाजाचा, दोन्ही मिळून वाजले की गाण्यातल्या सुरासारखे. मी ती उघडून, वाळवून, घासून चकचकीत केली होती आणि ती कुठल्या तरी गाडीला लावायला माझे हात शिवशिवत होते. हे आता लिहिताना कळतं. तेव्हा मी तुला म्हणालो होतो की दत्तोबा, तुझी सोय करतो.

सोपं काम नव्हतं ते. ट्रकचा मूळचा हॉर्न एक, आणि त्याचा करंट थेट स्टिअरिंगच्या बटणातून जाणारा. ही जोडी दुप्पट करंट ओढणारी. तशीच जोडली असती तर आठवड्यात बटण जळलं असतं. म्हणून बटणावरचा भार स्वतःवर घेणारा रिले मध्ये टाकला, बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, तिला वेगळा फ्यूज दिला. कारची पट्टी ट्रकच्या भोकांना बसेना, तर नवी भोकं पाडली. पुढच्या जाळीच्या आड दोन्ही हॉर्न असे बसवले की खड्ड्यात ट्रक आदळला तरी हलू नयेत. अख्खी दुपार गेली. सगळे जोड सोल्डर केले, एकही नुसता पिळून टेप मारलेला नाही. त्या दुपारी मी माझ्या कामावर इतका खूश होतो की विचारू नकोस. मग तू चढलास आणि बटण दाबलंस. तुझ्या त्या मातीनं बरबटलेल्या ट्रकातून एखाद्या साहेबाची कार बाहेर पडावी तसा आवाज आला. मी हसून हसून खाली बसलो. तू मात्र हसला नाहीस. खाली उतरलास, जाळीकडे बघत उभा राहिलास आणि म्हणालास, 'ह्यो आवाज माझ्या गाडीचा न्हाय, साईनाथ. मानसाला कळाया नको का, मागं काय येतंय ते?' मी म्हणालो, लोकांना काय करायचंय, आवाज आला म्हणजे झालं. तू म्हणालास, पासिंगपुरता ऱ्हाऊ दे, मग ट्रकचा बशीव. मी हो म्हणालो. ट्रक डेंटिंगला गेला, रंगाला गेला, पासिंग झालं. मधल्या आठ-नऊ दिवसांत मी दोनदा बाजारात गेलो. दोन्ही वेळा ट्रकचा हॉर्न आणला नाही. ती जोडी उतरवायचं माझ्या जिवावर आलं होतं, दुसरं काही कारण नाही.

आनंदीबाईंबद्दल मी तुला काय सांगणार. त्या तुझ्या बांधाला बांध असलेल्या काकी. पण मला लिहू दे, लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वळणावर सोसायटीच्या भिंतीला लागून पोतं टाकून त्या कोथिंबीर-मेथी घेऊन बसायच्या. मुलगा विक्रम चांगला कंपनीत कामाला, सून प्रेमळ, पण म्हणायच्या, घरात बसून भिंतीशी बोलू का. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, दिसतंय तेवढं पुरं हाय, आता काय नवं बघायचं ऱ्हायलंय. जुडी हातानं तोलून द्यायच्या आणि नोट बोटांनी ओळखायच्या. रस्ता तर सगळा कानांवर. बस कुठली, कचऱ्याची गाडी कुठली, बुलेटवरून पाटलांचा पोरगा जातोय की दूधवाला, बसल्या जागी सांगायच्या. आणि तुझा तो घोगरा हॉर्न वळणाच्या पलीकडे वाजला की 'आला गं बाई, दत्त्याचा रेडा आला', असं म्हणत उठायच्या, टोपली कमरेवर घ्यायच्या आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहायच्या. त्या वळणावर तुझ्या हौद्याचा मागचा कोपरा भिंतीच्या किती जवळून जातो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तू खिडकीतून ओरडायचास, काकी, जिती हाईस का. त्या तुला एक शिवी हासडायच्या. सकाळी नऊच्या सुमाराला हे रोजचं होतं. मला तर घड्याळाची गरज पडायची नाही.

त्या दिवशी रंगवलेला ट्रक घेऊन तू पहिल्यांदाच त्या वळणावरून येत होतास. मी दुकानात एका टेम्पोच्या अल्टरनेटरवर वाकलो होतो. मग बायकांचं ओरडणं ऐकू आलं आणि मी धावलो. पुढचं तुला लिहून दाखवायची गरज नाही. त्यांना उचलून रिक्षात घालताना तुझे आणि माझे हात एकाच वेळी त्यांच्या अंगाखाली होते. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. दुपारी हवालदारांनी जबाब घेतले. दूधवाल्यानं सांगितलं, ट्रकचा हॉर्न ऐकला नाही. सोसायटीच्या वॉचमननं सांगितलं, ट्रकचा हॉर्न वाजला नाही. कॉलेजचा एक मुलगा बाइक लावून उभा होता, त्यानंही तेच सांगितलं. मला विचारलं. मी म्हणालो, ट्रकचा हॉर्न ऐकल्याचं आठवत नाही. आणि खाली सही केली. तू तिथंच बाकावर बसला होतास आणि माझ्याकडे बघत होतास. तुझ्या नजरेत राग नव्हता. माझाच माणूस म्हणतोय म्हणजे तसंच असेल, असं काहीतरी होतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात ट्रकची तपासणी होती. ब्रेक, लाइट, हॉर्न चालू होते की नाही बघायला माहीतगार माणूस हवा म्हणून मलाच बोलावलं. हवालदारांनी तुझ्या जागेवर बसून बटण दाबलं. एका दाबात दोन्ही हॉर्न वाजले, एक बारीक, एक जाड. माझं काम चोख निघालं. कागदावर लिहिलं गेलं, हॉर्न चालू स्थितीत. म्हणजे हॉर्न होता, चालत होता, आणि ड्रायव्हरनं तो दिला नाही. तुझ्याविरुद्धचा अर्धा पुरावा मी सोल्डर करून दिला होता. त्यावरही सही केली. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो, उलटी झाली. तुला वाटलं ऊन लागलं. ज्याच्यावर केस झाली होती तो तू, कुठून तरी पाण्याची बाटली घेऊन आलास आणि माझ्या डोक्यावर पाणी मारलंस. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. तू म्हणालास, बोलू नगस, दम खा. आणि मी गप्प बसलो, जणू मला परवानगीच मिळाली.

सुरुवातीचे दिवस तू ज्याला त्याला सांगत होतास की मी हॉर्न दाबला होता. विक्रमच्या पायावर डोकं ठेवून तेच सांगितलंस. लोक ऐकून घ्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. दिवाळीपर्यंत तू 'दाबला असावा' म्हणायला लागलास. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलो तेव्हा तू मला विचारलंस, साईनाथ, सवयीनं दाबतो आपन, पन त्या दिवशी नसंल का रं दाबला? मी तिळगूळ हातात धरून उभा होतो. म्हणालो, कशाला आता उगाळत बसतोस. एका माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडताना मी समोर उभं राहून पाहिला, आणि तो थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मार्चच्या सुरुवातीला तू किल्ली माझ्याकडे देऊन वाघोलीला गेलास. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खरं आहे. मी पोलिसांना घाबरलो नव्हतो. एका जीवाचा हिशेब कुणाच्या नावावर मांडला जाईल, त्याला घाबरलो.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते सांगतो. तू हॉर्न दिला होतास, दत्तोबा. दोनदा दिलास, एक छोटा आणि एक लांब. मी माझ्या कानांनी ऐकला आणि मान वर केली नाही, कारण मला वाटलं कुणाची तरी कार येतेय. स्वतः जोडलेला आवाज मला ओळखता आला नाही. ठाण्यात हवालदारांनी बटण दाबलं तेव्हा ओळखला. कुणीच खोटं बोललं नव्हतं. ट्रकचा हॉर्न खरंच कुणी ऐकला नाही, कारण ट्रकला ट्रकचा हॉर्न मी ठेवलाच नव्हता. त्या कॉलेजच्या मुलाच्या जबाबात शेवटी लिहिलंय की मागून एक कार हॉर्न देत होती. ती ओळ वकिलांना वाचायला सांग. त्या वेळी त्या रस्त्यावर कार नव्हती. आणि आनंदीबाईंनीही ऐकला होता. मी धावत पोचलो तेव्हा त्यांचं पोतं बसल्या जागी हातभर आत ओढलेलं होतं आणि टोपली भिंतीला नीट टेकवलेली होती. कार आली की त्या तेवढंच करायच्या, उठायच्या नाहीत. त्यांनी कारपुरती जागा सोडली होती. काल संध्याकाळी विक्रमच्या घरी जाऊन मी हे सगळं सांगितलं. तो मारेल अशी तयारी ठेवून गेलो होतो. तो एवढंच म्हणाला की काका, आता जा. आज सकाळी तुझ्या वकिलांनाही सांगितलं. अठराला मी कोर्टात येणार आहे आणि जबाब बदलणार आहे, त्याबद्दल माझं काय व्हायचं ते होईल. त्यानं तू सुटशील की नाही, वकीलही सांगू शकत नाहीत. त्यानंतर तुला माझं तोंड पाहावंसं वाटलं नाही तर पाहू नकोस, दुकान हलव म्हणालास तर त्याच दिवशी पत्रा उतरवीन. पण कबूल म्हणू नकोस. हॉर्न दिला होता का असं तुला विचारतील, तेव्हा हो म्हण, कारण तू दिला होतास.

अजून तुझाच म्हणवून घेण्याची हिंमत करणारा,
साईनाथ